बॅटरी पंप जोडावर गळतोय? पाना हातात घ्यायच्या आधी हे बघा

पाऊस लागला, सोयाबीनची पहिली फवारणी आली की आमच्या वस्तीवर दुरुस्तीला पंप यायला सुरू होतात. तासगाव भागात द्राक्षबागेला ट्रॅक्टरवरचा फवारणीचा ब्लोअर असतोय, पण बांधाकडचं तण, हळद, भाजीपाला, नवीन लावलेला ऊस ह्याला पाठीवरचा चार्जिंगचा पंपच लागतो, आणि तक्रार कायम एकच, "गळतंय, बघ जरा". पंप १६ लिटरचा असो नाहीतर २० चा, सिंगल मोटर असो का डबल, गळायच्या जागा त्याच. आणि बऱ्याचदा पंपाला काही झालेलंच नसतंय, जुन्या पंपाची नोझलची दांडी नव्याला लावलेली असते, नाहीतर दोन नोझलचा फाटा बसवलेला असतो, नाहीतर दुकानातनं कुठलातरी पितळी अ‍ॅडॅप्टर आणून मधे घातलेला असतो आणि पाणी तिथनं सुटतंय.

माझं मत आधीच सांगतो, गळती आवळून थांबत नाही. प्रत्येक जोडात पाणी अडवायची एक ठरलेली जागा असते, कुठं रबरी वायसर, कुठं ओ-रिंग म्हणजे गोल रबरी कडी, आणि फार थोड्या ठिकाणी नुसते आटे. कोणत्या जोडात काय अडवतंय हे कळलं की काम सोपं आहे, नाही कळलं की माणूस पक्कड घेऊन आवळत बसतो, प्लॅस्टिकचा नट चिरतो आणि मग थेंबाची धार होते.

नुसतं पाणी गळत असतं तर एवढं लिहायला बसलो नसतो. टाकीत औषध असतंय आणि ते गळतं ते थेट पाठीवर, कमरेवर, नाहीतर गनच्या मुठीवरनं कोपरापर्यंत. बरीच कीटकनाशकं कातडीतनं अंगात जातात, आणि भिजलेला शर्ट तसाच अंगावर ठेवून दोन टाक्या मारल्या तर ते तेवढा वेळ कातडीला चिकटून राहतंय. त्यामुळं "थोडं गळतंय, चालतंय" हे चालत नाही.

लक्षणं, म्हणजे नक्की कुठं बिघडलंय

पंप उघडायच्या आधी हे जुळवून बघा, निम्मं काम इथंच होतंय.

- ट्रिगर सोडला तरी नोझलमधनं थेंब थेंब पडत राहतंय. दोन-चार थेंब पडून थांबलं तर दांडीत उरलेलं पाणी आहे, सोडून द्या. थांबतच नसेल तर गनच्या आतला व्हॉल्व बसत नाही.
- नोझलच्या टोपीच्या बाजूनं फवारा फुटतोय, म्हणजे टोपीतला वायसर.
- गनच्या मुठीतनं ओघळ हातावर येतोय, म्हणजे ट्रिगरच्या दांडीची ओ-रिंग.
- पाईप जिथं टाकीला किंवा गनला लागते तिथला नट ओला.
- पाठ ओली होते पण पंप खाली ठेवला की कोरडा. हे शंभर टक्के वरनं येतंय, झाकणातनं.
- ट्रिगर बंद असताना मोटर मधेच टुक करून चालू होते, परत बंद, परत चालू. ह्या पंपात प्रेशर स्विच असतो, ट्रिगर बंद केला की पाईपमधलं प्रेशर भरतं आणि स्विच मोटर बंद करतो, मग मोटर परत का चालू होते, तर प्रेशर कुठनंतरी उतरतंय म्हणून. बाहेर कुठं ओलं दिसत असेल तर गळती तिथं, सगळं कोरडं असूनही टुकटुक चालू असेल तर पंपाच्या आतल्या व्हॉल्वमधनं पाणी परत टाकीकडं जातंय.
- फवारा तुटक येतोय, मधे फसफस, पाईपमधे बुडबुडे. आणि रात्रभर पंप उभा ठेवला की सकाळी खाली डबकं. ही टाकी ते मोटर ह्या मधल्या पाईपची गळती. मोटर चालू असताना तिथनं पाणी बाहेर येत नाही, उलट हवा आत ओढली जाते, आणि मोटर बंद झाली की वरच्या टाकीचं वजन पाणी बाहेर ढकलतं. त्यामुळं चालवून बघितलं तर कधीच सापडत नाही.
- खालच्या कप्प्यातनं औषधाचा वास, बॅटरीच्या पिनांवर पांढरी-हिरवी पूड. हे असेल तर मधलं सगळं सोडा आणि शेवटी "थांबायचं कुठं" लिहिलंय ते वाचा.

हात लावायच्या आधी

टाकी रिकामी करून साध्या पाण्यानं तीनदा धुवा, दरवेळी पाणी गनमधनंपण मारून काढा, नुसतं टाकीतनं ओतून दिलं तर पाईप आणि दांडीत औषध तसंच राहतंय. ते धुवणाचं पाणी ज्या पिकाला औषध मारलं त्याच रानात मारा, विहिरीच्या कडेला किंवा ओढ्याला नको. हातात रबरी मोजे घाला. स्विच बंद, आणि मग ट्रिगर एकदा दाबून पाईपमधलं प्रेशर सोडून द्या, हे लोक विसरतात आणि नट ढिला केल्याबरोबर पिचकारी डोळ्यात.

तणनाशक मारलेला पंप असेल तर अजून एक. टू-फोर-डी मारलेला पंप बागेजवळ आणूच नका, द्राक्षाला ते अजिबात सोसत नाही, वाऱ्यानं उडून आलेल्या तुषारानंसुद्धा पानं पंख्यासारखी आखडतात. उसाला तणनाशक मारून तोच पंप नुसता पाण्यानं विसळून बागेत नेणारे आजपण आहेत. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, त्यावर रंगानं मोठी फुली मारून ठेवा, म्हणजे घरातलं दुसरं कुणी उचलणार नाही.

आता टाकीत निम्म्याच्या खाली साधं पाणी घ्या, सगळे जोड कापडानं कोरडे पुसा, कोरड्या वर्तमानपत्रावर पंप ठेवा, मोटर चालू करा आणि ट्रिगर बंद ठेवून बघत बसा. मग स्विच बंद करून थोडा वेळ तसाच ठेवा आणि परत बघा. ओला डाग जिथं पडलाय त्याच्या वरचा पहिला जोड धरायचा, डागाजवळचा नाही, कारण पाणी पाईपवरनं ओघळत खाली येऊन भलतीकडंच टपकतं.

पहिलं झाकण, कारण ह्याला पैसे लागत नाहीत

झाकणाच्या आत रबरी रिंग असते ती बसलेली आहे का बघा, पुष्कळदा ती जाळीबरोबर निघून धुवायच्या बादलीत राहिलेली असते. रिंगच्या खाचेत पावडरीच्या औषधाचा थर बसतो, गंधक मारणाऱ्यांच्या पंपात तर हमखास, तो जुन्या टूथब्रशनं काढायचा. टाकी खुणेच्या वर भरायची नाही, माणूस वाकला की वरचं पाणी झाकणाला येऊन भिडतं.

झाकणाला हवेसाठी बारीक भोक किंवा छोटा व्हॉल्व असतो. टाकीतलं पाणी कमी होईल तशी आत हवा जायला पाहिजे म्हणून तो दिलेला. तो मातीनं बंद झाला की टाकी आत खपते, फवारा कमी येतो, आणि मग कुणीतरी हुशारी करून झाकणाला खिळा तापवून अजून एक भोक पाडतो. फवारा येतो चांगला, पण वाकलं की त्या भोकातनं औषध मानेवर. असं झाकण दुरुस्त करत बसू नका, नवीन आणा.

नोझल आणि त्याची टोपी

टोपी हातानं खोला, आत काय काय आहे ते ओळीनं कागदावर मांडून ठेवा, जाळी, वायसर, चकती, नोझल, ज्या क्रमानं निघालं त्याच क्रमानं परत. इथं गळायची दोन कारणं असतात. एक म्हणजे वायसर गायब. दुसरं त्याच्या उलट, जुना वायसर आत चिकटून बसलेला आणि त्यावर नवीन घातलेला, दोन वायसर झाल्यावर टोपीला धरायला आटे पुरत नाहीत, एकदीड आट्यावर टोपी अडकते आणि तिरकी बसते. नखानं खरवडून तळ बघा.

नोझलच्या भोकात टाचणी घालू नका, भोक मोठं होतं आणि औषध जास्त जातं. तोंडानं फुंकर तर अजिबात मारू नका. सांगायची गरज पडू नये पण रोज बघतो.

आटे जुळतात का, इथं जरा जास्त वेळ द्या

अ‍ॅडॅप्टर, जादाची दांडी, दोन नोझलचा फाटा, पितळी गन, काहीही जोडायचं असेल तर आधी वायसर न घालता, टेप न लावता, कोरडं, नुसत्या बोटांनी फिरवून बघा. पद्धत अशी, नट तोंडाला लावून आधी उलटा फिरवायचा, एका जागी बारीक टक असं जाणवतं, तिथं दोन्ही आट्यांची तोंडं समोरासमोर आली. आता सुलटा फिरवा. जुळणारे आटे असतील तर तीनचार फेरे बोटांनी अलगद जातात. फेरा-दीड फेऱ्यात जाम झालं तर एकतर तिरकं चढलंय नाहीतर आटेच वेगळे आहेत.

आणि हीच सगळ्यात फसवी जागा आहे. पितळेचा अ‍ॅडॅप्टर प्लॅस्टिकच्या तोंडात पान्यानं जोर लावून फिरवला तर तो जातो, कारण पितळ प्लॅस्टिक कापत स्वतःचे आटे पाडत आत शिरतं. बसल्यासारखा वाटतो, पहिल्या दिवशी गळतपण नाही, आणि मग प्रेशरनं हळूहळू सैल होतो. नंतर मूळ नट लावायला गेलं तर तोपण बसत नाही, म्हणजे टाकीचं तोंडच गेलं. आमच्या इथले एक तात्या आहेत, ते म्हणतात "फिरतंय की बाबा, मग बसलंच की". तात्या, फिरणं वेगळं आणि बसणं वेगळं.

दोन दिसायला सारख्या नटांचे आटे वेगळे असू शकतात, एकाचे बारीक, एकाचे जाड, किंवा एकाला इंची माप आणि दुसऱ्याला मिलीमीटरचं. डोळ्यानं कळत नाही. दोन्हींचे आटे एकमेकांत दात घालून उजेडाला धरा, मधनं उजेड दिसला तर जुळत नाहीत. म्हणून दुकानात जाताना जुना भाग खिशात घालून जायचं, "अर्ध्या इंचीचा द्या" म्हणून फोनवर मागवायचं नाही. फोनवर मागवलेला अ‍ॅडॅप्टर मला तरी लागलेला आठवत नाही.

टेप कुठं आणि वायसर कुठं

टेफलॉन टेप म्हणजे सगळ्या गळतीवरचं औषध असं लोकांनी धरलंय. नळाला चालते म्हणून पंपालाही चालते असं नाही.

आटे दोन जातीचे. एक सरळ, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाडी तेवढीच. ह्यात आटे फक्त ओढून धरायचं काम करतात, पाणी अडवतो तो तळाशी बसलेला वायसर किंवा ओ-रिंग. पाईपचा नट, दांडीचा नट, नोझलची टोपी, हे बहुतेक सगळे ह्या जातीचे. दुसरे निमुळते, टोकाकडं बारीक होत गेलेले, पितळी निप्पल किंवा कॉकच्या एका बाजूला असतात तसे, ते जितके आत जातील तितके घट्ट होतात आणि तिथं आट्यांतनंच पाणी अडवायचं असतं, म्हणून टेप. ओळखायचं असेल तर सरळ पट्टी आट्यांवर आडवी टेकवून बघा, टोकाकडं फट दिसली तर निमुळता.

सरळ आट्यावर टेप लावली तर दोन गोष्टी होतात. एकतर टेपच्या जाडीनं नट वायसरपर्यंत पोचायच्या आतच घट्ट वाटायला लागतो, वायसर दबतच नाही आणि गळती तशीच. दुसरं, टेपचे तुकडे सुटून पुढं जातात आणि नोझल तुंबतं. प्लॅस्टिकच्या नटात जाड टेप घालून आवळला तर तो आतनं फाकून चिरतो, हे वेगळंच.

निमुळत्या आट्यावर टेप लावायचीच असेल तर आट्याचं तोंड आपल्याकडं धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं गुंडाळा, ताणून, तीनचार वेढे, आणि टोकाचा पहिला आटा मोकळा सोडा म्हणजे तुकडे आत जाणार नाहीत. उलट्या दिशेनं गुंडाळली की जोडताना सगळी गोळा होऊन बाहेर येते. एकदा आवळल्यावर तोंड भलतीकडं आलं म्हणून थोडं मागं फिरवायचं नाही, तिथनंच गळणार, खोलून टेप नवीन लावा.

वायसर बघताना नखानं दाबा, दबून परत वर आला तर जिवंत आहे. नखाची खूण तशीच राहिली, कडेला चिरा दिसल्या, किंवा हाताला प्लॅस्टिकसारखा कडक लागला तर बदला, दहा-वीस रुपयांचं काम आहे. पत्र्याच्या शेडमधे उन्हाळाभर पंप पडून राहिला की वायसर असेच होतात. दुसरं कारण औषध. बाटलीवर ईसी लिहिलेली जी औषधं असतात त्यात तेलासारखा द्रावक असतो, साधं रबर त्यात आधी फुगतं, नंतर सुकलं की आकसतं. वायसर खाचेपेक्षा मोठा झालेला दिसला तर हेच कारण. सारखी ईसी औषधं मारत असाल तर वायटॉनचा, म्हणजे अशा द्रावकात टिकणाऱ्या रबराचा, वायसर किंवा ओ-रिंग मागून घ्या, महाग पडते पण टिकते. सायकलची ट्यूब कापून केलेला वायसर संध्याकाळपर्यंत काम भागवतो, त्यापुढं नाही.

ओ-रिंगला ग्रीस लावायचं तर सिलिकॉनचं, तेपण बोटाला लागेल इतकंच. ट्रॅक्टरचं ग्रीस काही रबरांना फुगवतं आणि त्याला माती चिकटते.

सगळं बसलं की हातानं घट्ट आणि वर पाव फेरा, बास. त्यावर गळत असेल तर अजून आवळून नाही थांबणार, खोलून वायसर बघा.

पाईपचं तोंड आणि क्लिप

पाईप जुनी झाली की तोंडाजवळ कडक होते आणि निप्पलवर, म्हणजे ती जिच्यावर चढते त्या कडांच्या छोट्या नळीवर, सैल बसते. तेवढा कडक तुकडा धारदार ब्लेडनं सरळ कापून टाका, तिरका कापला तर एका बाजूनं पाईप पूर्ण चढत नाही. गरम पाण्यात तोंड थोडा वेळ बुडवून मऊ करा आणि निप्पलच्या सगळ्या कडांवरनं शेवटपर्यंत सरकवा. लायटरनं तापवू नका, एका बाजूनं पातळ होऊन पुढच्या टाकीला तिथंच फुटते. क्लिप त्या कडांच्या मागं बसली पाहिजे, अगदी टोकाला लावली तर प्रेशर आल्यावर पाईप क्लिपसकट निसटते.

बांधायची तार लोकांना फार आवडते, गोणीचं तोंड आवळल्यागत पिळा देऊन टाकतात. तार दोन जागी रुततीय आणि मधे पाईप उचलली जाते, तिथनं पाझर. स्क्रूची क्लिपच घ्या, हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळते.

अ‍ॅडॅप्टर जितके जास्त तितके जोड जास्त

हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. एका पंपावर मी टाकीच्या तोंडाला रिड्यूसर, त्यावर निप्पल, त्यावर कॉक आणि मग पाईप असं बघितलंय, कशासाठी तर घरात पडलेली जुनी पाईप वाया जाऊ नये म्हणून. एवढे सगळे जोड, आणि सगळं वजन टाकीच्या प्लॅस्टिक तोंडावर. चालताना पाईप ओढली जाते, ते तोंड दर पावलाला हलतं, वायसर नवा असला तरी तिथं पाणी सुटणारच. जोडायचंच असेल तर एकच अ‍ॅडॅप्टर, आणि तो गनच्या पुढं, दांडीच्या बाजूला. टाकीच्या तोंडाला काही लावू नका. पाईपला तोंडाजवळ थोडी ढिली वळी देऊन पट्ट्याला बांधा म्हणजे ओढ नटावर येत नाही.

ब्लोअरची किंवा एचटीपीची (मोठ्या प्रेशरच्या पंपाची) जड पितळी गन बॅटरी पंपाला लावायचा हट्ट सोडा. ती ज्या प्रेशरसाठी केलेली असते तेवढं ही छोटी मोटर देऊच शकत नाही, फवारा बारीक होत नाही आणि वजनानं जोड मात्र सैल होतात.

बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण, मारणाऱ्यांना अजून एक. लोखंडी किंवा जस्ताचा मुलामा असलेला अ‍ॅडॅप्टर वापरू नका, मोरचूद लोखंड आणि जस्त दोन्ही खातं, म्हणून तर मिश्रण प्लॅस्टिकच्या बॅरलमधे करतात. एक टक्क्याच्या बोर्डोला १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना घेतो, पण चुना हलका निघाला तर मोरचूद मोकळं राहतंय. त्यात विळा बुडवून तांबूस रंग चढला तर चुना अजून पाहिजे, हे आपल्याकडं सगळ्यांना माहिती आहे. विळ्यावर जे होतं तेच गनमधल्या स्प्रिंगवर आणि लोखंडी निप्पलवर होतं. आणि चुना गाळूनच घ्यायचा, त्याची कच व्हॉल्वच्या बैठकीवर अडकली की ट्रिगर सोडला तरी नोझल ठिबकत राहतं.

गन खोलणं

ट्रिगर सोडल्यावर ठिबकतंय किंवा मूठ ओली होतीय, आणि वरचं सगळं बघून झालंय, तर गन खोला. मोठ्या ताटात किंवा परातीत खोला, स्प्रिंग उडती आणि मातीत गेली की सापडत नाही. आत एक दांडी, तिच्यावर ओ-रिंग, शेवटी रबरी बैठक आणि स्प्रिंग. कोमट पाणी आणि ब्रशनं धुवा, बैठकीवर खाच पडलीय का बघा. नुसती कच असेल तर धुतल्यावर थांबतं. खाच असेल तर गनचा किट, म्हणजे आतल्या सुट्या भागांचा संच, मिळतो, पण साध्या प्लॅस्टिकच्या गनला मी किट घालत बसत नाही, गनच नवीन घेतो, वेळ वाचतो.

टाकी ते मोटर

इथनं पुढं खालचं झाकण खोलावं लागतं, त्यामुळं आधी बॅटरीची वायर काढा. टाकीच्या तळाला जाळी आणि रबरी बूच असतं, त्यातनं पाईप मोटरला जाते. बूच कडक झालंय का, पाईप मोटरच्या निप्पलवर पूर्ण चढलीय का, क्लिप आहे का, एवढंच बघायचं. काही पंपात इथं क्लिप सुरुवातीपासनंच ढिली असते. वॉरंटी चालू असेल तर मात्र खालचं झाकण खोलायच्या आधी कार्ड वाचा, सील तुटलं की दुकानदार हात वर करतात.

२०१९ च्या ऑगस्टमधे पुराच्या पाण्यात जे पंप बुडाले त्यांच्यात इथं गाळ बसलेला असायचा, पलूस आणि वाळव्याकडचे नदीकाठचे पंप नंतर कितीतरी दिवस तसले येत होते. बाहेरनं धुऊन चकाचक, आणि आत मोटरच्या व्हॉल्वमधे गाळ, म्हणून टुकटुक. साधं पाणी घेऊन नोझल काढून टाका आणि मोकळ्या दांडीतनं एकदोन टाक्या वाहू द्या, त्यानं बराच गाळ निघतो.

मोटरच्या डोक्यावरचा स्क्रू

प्रेशर स्विचवर एक छोटा स्क्रू असतो. तो आवळला की मोटर जास्त प्रेशरला बंद होते, फवारा जोरात वाटतो, म्हणून गावात कुणीतरी तो फिरवून देणारा असतोच. मग आतापर्यंत न गळणारे जोड एकेक करून सुटायला लागतात, पाईप फुगते, आणि मोटर गरम. सगळे वायसर बदलूनसुद्धा नवीन नवीन जागी गळत असेल तर विचारा, हा स्क्रू कुणी फिरवलाय का. फिरवला असेल तर अंदाजानं मागं आणू नका, प्रेशर मीटर असलेल्या मेकॅनिककडनं लावून घ्या.

थांबायचं कुठं

मोटर आणि तिच्या प्लॅस्टिक डोक्याच्या मधल्या फटीतनं पाणी येत असेल तर आतला डायफ्रॅम, म्हणजे रबरी पडदा, फाटलाय. त्याचं पाणी मोटरच्या वायंडिंगमधे जातं. डोक्याचे स्क्रू आवळून काही होत नाही, उलट वाकडं बसतं. मोटर काढून सर्व्हिस सेंटरला द्या, बऱ्याचदा मोटरच बदलतात.

बॅटरीच्या कप्प्यात ओल दिसली की चार्जर लावायचा नाही. वायर काढा, कप्पा उघडा ठेवून सुकू द्या आणि मेकॅनिकला दाखवा. लिथियमची बॅटरी असेल आणि फुगलेली किंवा भिजलेली दिसली तर तिला खोलू नका, उन्हात ठेवू नका, घरात तर नकोच, तशीच दुकानात न्या.

टाकीला चीर गेली असेल तर टाकी गेली. ह्या टाकीच्या प्लॅस्टिकला कुठलाच डिंक नीट धरत नाही, वरनं एम-सील थापलं तरी पोपडा होऊन निघतं. तापलेल्या सळईनं किंवा सोल्डरिंगनं डागायला जाऊ नका, प्लॅस्टिकमधे मुरलेल्या औषधाचा धूर नाकात जातो.

आणि फवारताना औषध अंगावर सांडलं असेल तर पंपाचा विचार सोडा. कपडे काढा, साबण आणि भरपूर पाण्यानं अंग धुवा. डोकं गरगरणं, मळमळ, खूप घाम, तोंडाला पाणी सुटणं, अंधुक दिसणं ह्यातलं काही सुरू झालं तर घरी लिंबूपाणी देत बसू नका, १०८ ला फोन करा किंवा जवळच्या दवाखान्यात न्या, आणि औषधाची बाटली लेबलसकट बरोबर न्या, डॉक्टरांना कुठलं विष आहे ते त्यावरनंच कळतं. लेबलवर लाल किंवा पिवळा त्रिकोण, म्हणजे जास्त विषारी असल्याची खूण, असलेलं औषध असेल तर त्रास सुरू व्हायची वाटसुद्धा बघू नका.

पंप मेकॅनिककडं नेताना तीनदा धुऊन, रिकामा करून न्या, आणि शेवटचं कुठलं औषध घातलं होतं ते सांगा, तोपण उघड्या हातानंच खोलणार असतो. बरोबर चार्जर, गन, दांडी आणि मधे लावलेले सगळे अ‍ॅडॅप्टर न्या. नुसती टाकी आणि मोटर नेली तर त्याच्याकडं त्याच्या गनवर ती गळणार नाही, आणि घरी आल्यावर परत गळेल.